राष्ट्रीय अभियोग कार्यालय आणि त्याचे नेतृत्व: बडोद्याच्या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला उत्तर

बडोद्यात विधी शाखेच्या अंतिम वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: "दक्षिण आफ्रिका, जपान, जर्मनी अशा देशांत सरकारतर्फे फौजदारी खटले चालवणारे राष्ट्रीय कार्यालय असते आणि त्याला एक प्रमुख असतो. भारतात असे कार्यालय आहे का? महान्यायवादी हेच ते पद का? नसेल, तर असे कार्यालय असावे का आणि त्याचा प्रमुख कसा निवडावा? मला सहायक सरकारी अभियोक्ता व्हायचे आहे, म्हणून विचारते आहे." सेशन्स कोर्टात सरकारपक्षाची बाजू मांडण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देऊन थांबणे मला जमणार नाही. उत्तर लांबेल, त्याला इलाज नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. भारतात असे एक कार्यालय नाही आणि महान्यायवादी हे ते पद नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७६ नुसार नेमले जाणारे महान्यायवादी हे केंद्र सरकारचे विधी सल्लागार आणि सर्वोच्च विधी अधिकारी असतात. देशातील सर्व न्यायालयांत त्यांना बाजू मांडता येते, अनुच्छेद ८८ नुसार संसदेत मताधिकाराविना बोलता येते आणि राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत ते पदावर राहतात. १९५० साली मोतीलाल सेटलवाड या पदावर आले आणि तेरा वर्षे राहिले. त्या काळात या पदाची जी प्रतिष्ठा तयार झाली ती आजही टिकून आहे. मात्र दिवाळीपुऱ्यातील आपल्या जिल्हा न्यायालयात एखाद्या खुनाच्या खटल्यात कोणता साक्षीदार तपासायचा, निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करायचे की नाही, खटला मागे घ्यायचा की चालवायचा, यांतली एकही गोष्ट महान्यायवादी ठरवत नाहीत आणि सरकारी वकिलावर त्यांचा प्रशासकीय अधिकारही चालत नाही. शेजारच्या नेपाळमध्ये चित्र निराळे आहे. तेथील २०१५ च्या संविधानाने सरकारवादी खटला दाखल करावा की नाही याचा अंतिम निर्णय महान्यायाधिवक्त्यांच्या हाती दिला आहे. आपल्याकडे पदनाम तेवढे त्याच्याशी मिळतेजुळते आहे.

याचे कारण घटनेच्या सातव्या अनुसूचीत सापडते. पोलिस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय राज्य सूचीत आहेत, तर फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहेत. म्हणून खटला कसा चालवायचा याचा कायदा संसद करते, पण तो चालवणारी माणसे राज्य सरकार नेमते. केंद्राच्या तपास यंत्रणांचे वकील वेगळे. राष्ट्रीय तपास यंत्रणेसाठी २००८ च्या कायद्यातील कलम १५ नुसार केंद्र सरकार अभियोक्ते नेमते आणि सक्तवसुली संचालनालयाचे विशेष अभियोक्ते आणखी वेगळे असतात. राष्ट्रीय म्हणता येईल असे आपल्याकडचे सर्वांत जवळचे कार्यालय म्हणजे केंद्रीय अन्वेषण विभागाचे, म्हणजे सीबीआयचे, अभियोग संचालनालय. १८ डिसेंबर १९९७ रोजी हवाला प्रकरणाच्या तपासावरून उभ्या राहिलेल्या विनीत नारायण खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयचे खटले चालवणाऱ्या यंत्रणेकडेही लक्ष वेधले होते. पुढे २०१३ च्या लोकपाल कायद्याने दिल्ली विशेष पोलिस आस्थापना अधिनियमात, म्हणजे सीबीआय ज्या कायद्याखाली चालते त्यात, कलम ४ बीए घातले. त्यानुसार अभियोग संचालक केंद्रीय दक्षता आयोगाच्या शिफारशीवरून दोन वर्षांसाठी नेमला जातो. इथवर ठीक आहे, पण त्याच कलमात पुढे हा संचालक सीबीआय संचालकाच्या देखरेखीखाली आणि नियंत्रणाखाली काम करील, असे म्हटले आहे. ज्याच्या तपासाची पारख करायची त्याच्याच हाताखाली पारख करणाऱ्याला बसवले, तर नेमणूक कितीही निर्दोष असली तरी तिचा उपयोग निम्माच होतो.

आता मुळात अभियोक्ता कशासाठी असतो ते सांगतो, कारण प्रमुख कसा असावा याचे उत्तर त्यातच आहे. सरकारी वकील हा पोलिसांचा वकील नव्हे आणि फिर्यादीचा तर मुळीच नव्हे. १९९९ च्या शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे फार स्पष्टपणे सांगितले आहे. वस्तुस्थिती काहीही असो, आरोपीला कसेही करून शिक्षा व्हावी अशी तहान सरकारी वकिलाला असता कामा नये आणि आरोपीच्या बाजूचा एखादा मुद्दा बचावपक्षाच्या नजरेतून निसटला असेल, तर तो न्यायालयापुढे आणणे हेही त्याचेच काम आहे. हे वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात तुमच्या मागच्या बाकावर मयताची आई बसलेली असते, बाजूला तपास अधिकारी उभा असतो आणि बाहेर वार्ताहर थांबलेले असतात. अशा वेळी "हा पंचनामा मला विश्वासार्ह वाटत नाही" असे म्हणायला अंगात बळ लागते, आणि ते बळ कायद्याने आणि वरिष्ठांनी द्यायचे असते.

पूर्वी ते देण्याची सोयच नव्हती. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत पोलिस खात्यातलेच प्रॉसिक्यूटर उभे राहत आणि त्यांचे गोपनीय अहवाल पोलिस अधिकारी लिहीत. विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालात ही दोन कामे वेगळी करण्याची शिफारस केली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती कायद्यात आणली, तरी अनेक राज्यांत जुनी घडी मोडायला वेळ लागला. महाराष्ट्राच्या बाबतीत १९९५ मध्ये एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाला आदेशच द्यावा लागला: सहायक सरकारी अभियोक्त्यांना पोलिस खात्याच्या प्रशासकीय आणि शिस्तभंगविषयक नियंत्रणातून मोकळे करा, त्यांचा स्वतंत्र विभाग करा आणि त्या विभागाचा प्रमुख थेट राज्य सरकारला उत्तरदायी ठेवा. आज मुंबई-पुण्यात आणि आपल्याकडेही अभियोक्ता पोलिस अधिकाऱ्याला समोरच्या खुर्चीवर बसवून प्रश्न विचारू शकतो, त्यामागे असे निकाल आहेत. नवे लोक ते गृहीत धरतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

अभियोक्त्याची पारख कशी चालते ते एका साध्या उदाहरणाने दाखवतो. मारहाणीत मृत्यूचा गुन्हा आहे, आरोपीच्या घरातून सुरा जप्त झाला आहे. आमच्याकडे पोलिसांचे कागद गुजरातीत असतात. पंचनामा व्यवस्थित आहे, पुडक्यावर लाखेचे सील आहे, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आत आहे, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल सांगतो की पात्यावरील रक्त मयताच्या गटाचे आहे. वरवर पाहता पुरावा भक्कम आहे. पण जप्तीची तारीख आणि प्रयोगशाळेच्या पावतीची तारीख शेजारी शेजारी ठेवली की मधले अकरा दिवस दिसतात. त्या अकरा दिवसांत पुडके कोठे होते? मुद्देमाल रजिस्टरमध्ये नोंद असेल, पण ती करणाऱ्या हवालदाराचा जबाब कागदांत नाही आणि पुडके प्रयोगशाळेत घेऊन जाणाऱ्या शिपायाचाही नाही. खटला उभा राहील तेव्हा उलटतपासणीत बचावपक्षाचा वकील एकच प्रश्न विचारील, तपास अधिकारी गप्प राहील आणि रक्ताचा अहवाल असून नसल्यासारखा होईल. दोषारोपपत्र न्यायालयात जाण्यापूर्वी जो अभियोक्ता या दोन तारखा शेजारी ठेवून पाहतो आणि "या दोघांचे जबाब जोडा" असे लेखी कळवतो, तो शेवटच्या युक्तिवादात आवाज चढवणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगी असतो. आणि जप्तीच संशयास्पद वाटत असेल, तर तेही तो लेखी कळवतो. ही दोन्ही कामे एकाच नजरेने करता येणे म्हणजे अभियोक्ता असणे.

इथे कायद्याचा एक नाजूक सांधा आहे आणि परीक्षेतही तो विचारतात. २००० सालच्या आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तपास हा पोलिसांचा प्रांत आहे, अभियोक्त्याची भूमिका न्यायालयात सुरू होते, आणि त्याच्या मतानुसारच दोषारोपपत्र दाखल करा असा आदेश तपास अधिकाऱ्याला देता येत नाही. म्हणजे अभियोक्ता सल्ला देऊ शकतो, हुकूम सोडू शकत नाही. जपानमध्ये किंवा जर्मनीत खटला भरायचा की नाही हे अभियोक्ताच ठरवतो, आपल्याकडे तसे नाही. म्हणून परदेशातील राष्ट्रीय अभियोक्त्याचे पद तेथून उचलून इथे आणून बसवले, तरी त्याच्याकडे तोच अधिकार येईल असे समजू नये.

मात्र एक अधिकार आपल्या अभियोक्त्याकडे पूर्वीपासून आहे, आणि त्याची राष्ट्रीय पातळीवरची कसोटी आपल्याच शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात लागली. तो अधिकार म्हणजे खटला मागे घेणे. जुन्या संहितेत तो कलम ३२१ मध्ये होता, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६० मध्ये आहे. आणीबाणीच्या काळात १९७६ साली सीबीआयने जॉर्ज फर्नांडिस आणि इतरांवर सरकारविरुद्ध स्फोटकांच्या कटाचा, म्हणजे बडोदा डायनामाइट प्रकरणाचा, खटला भरला. मार्च १९७७ मध्ये सत्तापालट झाला आणि विशेष सरकारी वकिलाने तो मागे घेण्याचा अर्ज दिला. फर्नांडिस पुढे केंद्रात मंत्री झाले. हा अर्ज मंजूर करण्याला आव्हान दिले गेले आणि १९८० साली राजेंद्रकुमार जैन या नावाने नोंदलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने माघार कायम ठेवली. त्याच निकालात हरियाणाचे माजी मुख्यमंत्री बन्सीलाल यांच्याविरुद्धच्या खटल्याच्या माघारीचाही विचार झाला. म्हणजे एकमेकांच्या विरोधात उभ्या असलेल्या दोन राजकीय बाजूंची प्रकरणे एकाच निकालपत्रात शेजारी शेजारी बसली. न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा असा: माघार घ्यायची की नाही हा निर्णय सरकारी वकिलाचा स्वतःचा आहे. सरकार त्याला सुचवू शकते, भाग पाडू शकत नाही. कारण पुराव्याच्या अपुरेपणापुरतेच असले पाहिजे असे नाही, सार्वजनिक न्यायाचे व्यापक हितही चालेल. आणि न्यायालयाने संमती देताना वकिलाने खरोखर स्वतः विचार केला आहे का ते पाहायचे.

हे तत्त्व मला मान्य आहे, पण व्यवहारात ते वकिलाच्या खांद्यावर फार मोठे ओझे टाकते आणि त्या खांद्याला आधार देत नाही. ज्याची नेमणूक सरकारने केली, ज्याची मुदतवाढ सरकारच्या हातात आहे, त्याने सरकारच्या सूचनेला नकार द्यावा अशी अपेक्षा करायची, तर नकार दिल्यानंतर त्याचे काय होते याचीही व्यवस्था हवी. ती नसल्यामुळेच न्यायालयांना पुन्हा पुन्हा हस्तक्षेप करावा लागतो. जुलै २०२१ मध्ये केरळ विधानसभेतील तोडफोडीचा खटला मागे घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि पुढच्याच महिन्यात खासदार-आमदारांवरील कोणताही खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीविना मागे घेता येणार नाही असा आदेश दिला. नव्या संहितेने यात एक चांगली भर घातली आहे: पीडिताचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय न्यायालयाला माघारीस संमती देता येत नाही.

माघार उघडपणे होते, तिचा अर्ज असतो, त्यावर आदेश होतो. त्याहून वाईट असते ती न बोलता घेतलेली माघार, जिथे खटला नावापुरता चालतो. याचे उदाहरणही आपल्याच शहरातले आहे आणि ते टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. १ मार्च २००२ च्या रात्री हनुमान टेकडी भागातील बेस्ट बेकरीवर जमावाने हल्ला केला आणि चौदा माणसे मारली गेली. जून २००३ मध्ये येथील जलदगती न्यायालयाने सर्व २१ आरोपींना निर्दोष सोडले, कारण महत्त्वाचे साक्षीदार फितूर झाले होते. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून महाराष्ट्रात फेरसुनावणी करण्याचा आदेश दिला. तपास यंत्रणा आणि कनिष्ठ न्यायालय यांच्यावर तर कडक ताशेरे होतेच, पण सरकारी वकिलाविषयी न्यायालयाने म्हटले की त्याचे वागणे बचावपक्षाच्या वकिलासारखे होते. नवा सरकारी वकील नेमताना पीडितांनी नाव सुचवल्यास त्याचाही विचार करावा, असेही न्यायालयाने सांगितले. मुंबईत पुन्हा खटला चालला, २००६ मध्ये नऊ जणांना जन्मठेप झाली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांपैकी चौघांची शिक्षा कायम ठेवली, पाच जणांना सोडले. अभियोक्ता होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने २००४ चा हा निकाल मुळातून वाचला पाहिजे. साक्षीदार फितूर होतो तेव्हा सरकारी वकिलाने काय करायचे असते, कोणते अर्ज द्यायचे असतात, कोणता साक्षीदार वगळायचा नसतो, हे त्यात जे घडले नाही त्यावरून कळते. आणि वरच्या पातळीवर कोणीही तो खटला चालू असतानाच हे पाहत का नव्हते, हा प्रश्न थेट नेतृत्वाचा आहे. जिल्ह्याच्या वकिलावर लक्ष ठेवणारा, त्याला पाठबळ देणारा आणि गरज पडल्यास बदलणारा असा वरचा अधिकारी, जो राजकीय सत्तेपासून दूर असेल, तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

आता परदेशांकडे वळू. तेथे एकच राष्ट्रीय प्रमुख आहे, पण त्यामुळे प्रश्न सुटला असे नाही.

दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. तेथील राज्यघटनेच्या कलम १७९ ने संपूर्ण देशासाठी एकच अभियोग प्राधिकरण निर्माण केले आणि त्याने भीती, पक्षपात किंवा पूर्वग्रह न ठेवता काम करावे असे घटनेतच लिहिले. राष्ट्रीय संचालकाची मुदत दहा वर्षे, ती वाढवता येत नाही, राष्ट्राध्यक्ष नेमणूक करतात आणि पदावरून काढायचे तर संसदेचा सहभाग लागतो. कागदावर याहून चांगली रचना क्वचितच सापडेल. तरीही १९९८ साली आलेल्या बुलेलानी न्गुका यांच्यापासून आजवर एकाही संचालकाने दहा वर्षे पूर्ण केलेली नाहीत. वुसी पिकोली यांना २००७ मध्ये निलंबित केले गेले. मेन्झी सिमेलाने यांची नेमणूक २०१२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने रद्द ठरवली, कारण ते त्या पदासाठी योग्य आहेत का याचा राष्ट्राध्यक्षांनी नीट विचारच केला नव्हता. म्क्सोलिसी न्क्सासाना यांना २०१५ मध्ये सुमारे १ कोटी ७३ लाख रँड देऊन पदावरून जायला लावले. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने तो व्यवहार बेकायदा ठरवला आणि त्यांच्या जागी आलेल्या शॉन अब्राहम्स यांनाही जावे लागले. मुदत लांब असली तरी पैसे देऊन ती तोडता येते, हे या प्रकरणातून सिद्ध झाले. माझ्या मते राजीनाम्याची अटही नेमणुकीच्या अटीइतकीच काटेकोर असली पाहिजे, हा त्यातून घेण्यासारखा धडा आहे.

जपानची पद्धत मला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. १९४७ च्या अभियोक्ता कार्यालय कायद्याच्या कलम १४ नुसार न्यायमंत्री अभियोक्त्यांना सर्वसाधारण सूचना देऊ शकतात, पण विशिष्ट प्रकरणाबाबत सूचना द्यायची झाल्यास ती फक्त महाअभियोक्त्यालाच देता येते. खालच्या अधिकाऱ्याशी मंत्र्याचा संबंध तोडून टाकला आहे. १९५४ च्या जहाजबांधणी घोटाळ्यात सत्ताधारी पक्षाचे सरचिटणीस सातो एइसाकु यांच्या अटकेचा प्रश्न आला तेव्हा न्यायमंत्री इनुकाई ताकेरू यांनी हा अधिकार वापरून अटक रोखली, पण ते सर्वांना दिसले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. सातो पुढे पंतप्रधान झाले ही गोष्टही नोंदवली पाहिजे, कारण रचनेने सगळेच साधते असा समज नको. तरीही एक फायदा निर्विवाद आहे: दबाव आला तर तो एकाच दारातून येतो, आणि कोणी आणला ते लपत नाही.

जर्मनीत कार्लसरूए येथील फेडरल महाअभियोक्ता दहशतवाद, हेरगिरी अशा ठरावीक गुन्ह्यांपुरता आहे आणि बाकी खटले प्रत्येक राज्याचे अभियोक्ते चालवतात, म्हणजे संघराज्य म्हणून आपल्याशी त्यांचे साम्य आहे. तेथेही मंत्र्यांचा सूचना देण्याचा अधिकार कायद्यात शिल्लक आहे. २०१५ मध्ये पत्रकारांवरील देशद्रोहाच्या चौकशीवरून महाअभियोक्ता हाराल्ड रांगे यांना न्यायमंत्र्यांनी पदावरून दूर केले. मे २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने तर असे म्हटले की मंत्र्याच्या सूचनेची शक्यता असल्यामुळे जर्मन अभियोक्त्यांना युरोपीय अटक वॉरंट काढण्याइतके स्वतंत्र मानता येत नाही. इंग्लंडचे तेवढे एका गोष्टीसाठी सांगतो. १९८५ च्या कायद्याने तेथे क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस निर्माण झाली आणि तिच्या संचालकाने खटला कधी भरायचा याची संहिता जाहीर करणे बंधनकारक झाले. शिक्षा होण्याची वास्तव शक्यता आहे का, आणि खटला सार्वजनिक हिताचा आहे का, अशा दोन पायऱ्या त्यात आहेत आणि ती कोणालाही वाचता येते. ती लिहिणे, जाहीर करणे आणि आपल्या लोकांकडून पाळून घेणे हे प्रमुखाचे पहिले काम आहे.

आपल्याकडे आज जे आहे ते पाहा. २००५ च्या दुरुस्तीने जुन्या संहितेत कलम २५-अ आले आणि राज्यांना अभियोग संचालनालय स्थापन करण्याची मुभा मिळाली. संचालकाची नेमणूक उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या सहमतीने करायची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेचे कलम २० काही बाबतींत पुढे गेले आहे. जिल्हा पातळीवरही संचालनालय असेल, संचालक आणि उपसंचालक होण्यासाठी वकिलीची पंधरा वर्षे किंवा सत्र न्यायाधीशपदाचा अनुभव लागतो, आणि कामाची वाटणी स्पष्ट केली आहे: दहा वर्षे किंवा अधिक शिक्षा, जन्मठेप किंवा फाशी असलेल्या गुन्ह्यांवर संचालकाने लक्ष ठेवायचे आणि अपिलाबाबत मत द्यायचे, सात ते दहा वर्षांच्या गुन्ह्यांत उपसंचालकाने पोलिस अहवाल तपासायचा, त्याखालचे सहायक संचालकाने पाहायचे. मात्र मुख्य न्यायमूर्तींच्या सहमतीची अट यात राहिलेली नाही आणि संचालनालय गृह विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली आहे. पोलिसही त्याच विभागाखाली असतात. शहाणे निकालाने जी भिंत बांधली ती खालच्या मजल्यावर आहे, वरच्या मजल्यावर दोघांचे दालन एकच आहे. ही रचना मला चुकीची वाटते आणि ती बदलण्यासाठी राष्ट्रीय कार्यालयाची गरज नाही. संचालनालय विधी विभागाकडे द्यावे, नेमणुकीत उच्च न्यायालयाचा शब्द परत आणावा आणि ठरावीक मुदत घालावी, एवढे राज्य पातळीवरच पुरेसे होईल.

गुजरातच्या संदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. सहायक सरकारी अभियोक्ते दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत नियमित सेवेत असतात, तर सेशन्स कोर्टातील जिल्हा सरकारी वकील, ज्यांना आमच्याकडे डी.जी.पी. (डिस्ट्रिक्ट गव्हर्नमेंट प्लीडर) म्हणतात, ते वकीलवर्गातून ठरावीक मुदतीसाठी येतात. दोन्हींचे फायदेतोटे आहेत. बाहेरून आलेल्या अनुभवी वकिलाची उलटतपासणीतील तयारी सेवेतल्या माणसाला सहज येत नाही, पण दर मुदतीला नाव यादीत राहील का ही चिंता त्याला असते. याच राज्यातल्या किशनभाई प्रकरणात, ७ जानेवारी २०१४ रोजी, एका चिमुरडीच्या अत्याचार व खुनाच्या खटल्यात तपास आणि अभियोगातील ढिलाईमुळे आरोपी सुटलेला पाहून सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले की निर्दोष सुटकेचा प्रत्येक निकाल पोलिस आणि अभियोग विभागाच्या वरिष्ठांच्या समितीने तपासावा, उणिवा शोधून त्या प्रशिक्षणात घ्याव्यात आणि दोषी अधिकाऱ्यावर जबाबदारी ठरवावी. हे काम मनापासून करणारा संचालक मला कोणत्याही राष्ट्रीय महासंचालकापेक्षा मोलाचा वाटतो. सुटकेच्या निकालाविरुद्ध राज्याला अपिलासाठी नव्वद दिवस असतात आणि ते फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यातच संपतात. प्रमुखाने फक्त हा प्रवास आटोक्यात आणला, तरी कित्येक अपिले वाचतील.

म्हणून तुमच्या मधल्या प्रश्नाला माझे उत्तर असे: सर्व देशासाठी एकच अभियोग कार्यालय आपल्या संघराज्यात मला नको आहे, कारण एवढ्या मोठ्या देशात एकाच खुर्चीत हा अधिकार गोळा झाला तर ती खुर्ची काबीज करण्याचा मोह फार मोठा होईल. केंद्राच्या सर्व तपास यंत्रणांसाठी मात्र एकच स्वतंत्र अभियोग कार्यालय असावे, तपास करणाऱ्या कोणत्याही संचालकाच्या हाताखाली नसलेले. त्याचा प्रमुख पंतप्रधान, लोकसभेतील विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांच्या समितीने निवडावा. मुदत पाच किंवा सहा वर्षांची, एकदाच. निवृत्तीनंतर काही वर्षे सरकारकडून कोणतेही पद घेण्यास बंदी. विशिष्ट खटल्याबाबत सरकारला काही सुचवायचे असेल तर ते लेखी आणि फक्त प्रमुखालाच, आणि तो कागद न्यायालयाने मागितल्यास दाखवण्याचे बंधन. निवड करताना त्याने स्वतः किती शिक्षा मिळवल्या हे विचारू नये. त्याने कोणता खटला उभाच राहू नये असे मत दिले आणि त्याची कारणे कशी लिहिली, ते वाचावे.

शेवटी तुमच्या स्वतःच्या निर्णयाविषयी. परीक्षा जरूर द्या. तयारी करताना नव्या संहितेची कलमे १८, १९, २०, ३६० आणि ४१८ जुन्या कलमांशी जुळवून वाचा, आणि साक्ष अधिनियमाच्या अभ्यासाइतकाच वेळ पोलिसांचे प्रत्यक्ष कागद वाचायला द्या. दिवाळीपुऱ्यात सेशन्स कोर्टाचे दरवाजे सर्वांना उघडे असतात. एखाद्या खटल्यात वैद्यकीय अधिकाऱ्याची किंवा तपास अधिकाऱ्याची साक्ष असेल त्या दिवशी जाऊन मागे बसा आणि सरकारी वकील कोणता प्रश्न विचारत नाही तेही टिपून ठेवा. रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात कोणीतरी तुम्हाला तोंडी सांगेल की अमुक जामीन अर्जाला विरोध करू नका, किंवा अमुक साक्षीदार सोडून द्या. तेव्हा नम्रपणे म्हणा, "साहेब, हे मला लेखी द्या." बहुतेक वेळा कागद येत नाही, आणि आला तर तो फाइलला लावा.